फोटोखालची ओळ कुणी कापली?

जुन्या काळातल्या प्राण्यांचे फोटो छापलेल्या पॉवर बँका वाटल्या की लोकांच्या मनात वन्यजीवांबद्दल माया निर्माण होते, असं एक म्हणणं सध्या माझ्या कानावर वारंवार येतं आहे. म्हणणारे माझे स्नेही आहेत. पवई आणि कांजूरमार्गच्या कंपन्यांना दिवाळीला आणि ५ जूनच्या पर्यावरणदिनाला भेटवस्तू पुरवणं हा त्यांचा व्यवसाय. तपकिरी झाक दिलेला हत्ती, कुंपणाशी उभा असलेला झेब्र्यासारखा एक प्राणी, गळ्यात दोर असलेला चित्ता, असे फोटो पॉवर बँकांवर छापून ते शेकड्याने देतात. मी विरोध केला तेव्हा त्यांनी न चिडता, मुद्देसूद उत्तर दिलं. त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आणि म्हणूनच माझं उत्तर मी चारचौघांत देतो आहे. त्यांच्यासारखीच चांगल्या मनाची माणसं हा माल घेतात, वाटतात आणि निसर्गासाठी आपण काही केलं या समाधानात घरी जातात. त्या समाधानाला आधार नाही, एवढंच मला दाखवायचं आहे.

ते म्हणतात, हे फोटो शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे. त्यांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. मग वापरले तर बिघडलं कुठे? कायद्यापुरतं हे खरं आहे. इतक्या जुन्या बहुतेक फोटोंवरचा कॉपीराइट केव्हाच संपला, आणि ते सर्वांचे झाले हे चांगलंच झालं. माझी तक्रार मालकीची नाहीच. हक्क संपला म्हणून फोटोत जे घडलं ते संपत नाही. कोण, कुठे, केव्हा आणि या प्राण्याचं पुढे काय झालं, हे सांगणारी एक ओळ फोटोखाली असते. पॉवर बँकेवर छापताना सगळ्यात आधी तीच कापली जाते, आणि ती कापल्यावर उरलेल्या फोटोला वन्यजीवांबद्दलचा फोटो म्हणण्यात अर्थ नसतो.

त्यांच्या संग्रहातला तो झेब्र्यासारखा प्राणी घ्या. पुढचं अर्धं अंग पट्ट्यांचं, मागचं साधं तपकिरी. हातात घेणाऱ्या प्रत्येकाला तो झेब्राच वाटतो. छापणाऱ्यांनाही वाटला होता. तो क्वागा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या गवताळ रानांत याचे कळप होते. कातड्यासाठी, मांसासाठी आणि मेंढ्यांना चारा पुरावा म्हणून वसाहतवाल्यांनी ते मारून संपवले. जिवंत क्वागाचे जगात जे पाच फोटो माहीत आहेत ते सगळे एकाच मादीचे, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८६३ ते १८७० या काळात काढलेले. ती १८७२ मध्ये मेली. शेवटची क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली आणि ती शेवटची होती हे तेव्हा तिथे कुणाच्या लक्षातही आलं नाही. झेब्र्याच्या एका अख्ख्या उपजातीचा जिवंतपणाचा पुरावा म्हणजे हे पाच फोटो. त्यातला एक कांजूरच्या एखाद्या कार्यालयात ‘छान झेब्रा’ म्हणून टेबलावर पडून राहतो. तिला नुसता झेब्रा समजलं जाणं म्हणजे ती उपजात दुसऱ्यांदा पुसली जाणं आहे, आणि मला ते सहन होत नाही.

क्वागा दूरची. चित्ता आपला होता. गळ्यात दोर, डोळ्यांवर पट्टी आणि शेजारी फेटेवाला चित्तेवान, अशा फोटोंची परंपरा आपल्या कोल्हापूर संस्थानापर्यंत येते. तिथे चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवली जाई. बाळगलेल्या चित्त्यांची सहसा वीण होत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते रानातून धरून आणावे लागत. देशातल्या रानांत चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणले गेले. म्हणजे विसाव्या शतकातल्या अशा एखाद्या सुंदर फोटोतला चित्ता भारतीय नसण्याचीही शक्यता आहे, आणि तो तसा असणं हाच भारतातला चित्ता संपत आल्याचा पुरावा आहे. हे सगळं सांगायला फोटोखाली दोन ओळी पुरतात. माझ्या स्नेह्यांच्या पॉवर बँकेवर त्या जागी कंपनीचं बोधचिन्ह आहे.

फोटोखालची ओळ म्हणजे काय चीज असते, हे आपल्या मुंबईनेच एकदा दाखवलं आहे. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या राजाने, रामानुज प्रताप सिंहदेव यांनी, रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात तीन चित्ते मारले. तिन्ही नर, बहुधा एकाच विणीतले भाऊ. भारतात मारल्या गेलेल्या शेवटच्या चित्त्यांत त्यांची गणना होते. तिन्ही कलेवरं ओळीने मांडून, मागे राजा, असा फोटो काढला गेला आणि हकिगतीसह तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे आला. सोसायटीच्या नियतकालिकात १९४८ मध्ये तो छापून आला तो म्हैसूरच्या व्हॅन इन्जन या पेढीच्या टिपणातून. मारलेल्या जनावरांची कातडी जिवंतासारखी मढवून ती दिवाणखान्यात उभी करून देणारी ही नामांकित पेढी. टिपणाचा सूर शिकारीतल्या मानचिन्हांचा, कौतुकाचाच होता. पण संपादकांनी त्याखाली टीप घातली. हकिगत वाचून इतकी शिसारी आली की ती कचऱ्याच्या टोपलीत टाकावी असंच आधी वाटलं, आणि छापतो आहोत ती गौरव म्हणून नव्हे तर आरोपपत्र म्हणून, अशा अर्थाची ती टीप.

फोटो तोच. टीप झाकली तर तो पराक्रमाचा फोटो, टीप वाचली तर गुन्ह्याचा. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं. त्यानंतर रानात पुन्हा चित्ते सोडण्यासाठी सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते विमानाने कुनोत आणावे लागले. त्या संपादकांनी फोटो फेकून दिला नाही, आणि तो मुका ठेवूनही छापला नाही. मी याहून अधिक काही मागत नाही.

जुन्या प्राणी-फोटोंचा फार मोठा भाग असाच मेलेल्या जनावरांचा आहे, हे विसरून चालणार नाही. १९०२ साली हैदराबाद संस्थानात लॉर्ड आणि लेडी कर्झन मारलेल्या वाघामागे उभे असलेला, राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओचा फोटो जगभर छापला गेला आहे. आजच्या छापणाऱ्यांना बंदूक आणि रक्त नको असतं, म्हणून ते माणसं कापतात, जनावराचा चेहरा मोठा करतात आणि झोपलेला वाघ म्हणून विकतात. हे मी स्वतः पाहिलं आहे. मेलेल्या वाघाला झोपलेला म्हणून मुलांच्या हातात देणं ही साधी चूक नाही. त्या मुलांना आपण खोटं शिकवतो आहोत.

मग त्या काळात दुसरं काही नव्हतंच का? होतं, आणि तेच छापलं जात नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा वनअधिकारी शिवालिकच्या जंगलात वाघाच्या वाटेवर तार लावून ठेवी. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगता उजेड पडे, त्याच क्षणी कॅमेरा चाले आणि वाघ स्वतःचाच फोटो काढून पुढे जाई. १९२७ च्या त्याच्या पुस्तकाने हिंदुस्थानातला मोकळा, जिवंत वाघ रात्रीच्या वाटेवर कसा दिसतो ते लोकांना दाखवलं. ज्या काळात साहेबाची किंमत त्याने मारलेल्या वाघांवर ठरे त्या काळात हा माणूस बंदूक बाजूला ठेवून तारा लावत बसला होता. जिम कॉर्बेट कॅमेऱ्याकडे वळले त्यातही त्याचा वाटा होता. पण चॅम्पियनच्या वाघाला मोल येतं ते ही हकिगत कळल्यावरच. एरवी तो काळ्या पार्श्वभूमीवरचा, किंचित अस्पष्ट वाघ. त्यापेक्षा मेलेल्या वाघाचा स्टुडिओतला फोटो केव्हाही जास्त रेखीव दिसतो. ओळ कापली की रेखीव फोटोच जिंकतो, हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोठा अन्याय आहे.

माझे स्नेही म्हणाले, लोक ओळी वाचत नाहीत. फोटो पाहून माया येते, तेवढी पुरे. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या शेजारीच आहे. नयन खानोलकर यांच्या ज्या फोटोला २०१६ मध्ये वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला, त्यात रात्रीच्या वेळी वस्तीतल्या गल्लीतून चालणारा बिबट्या आहे. सुटा पाहिला तर तो नुसता बिबट्या. पण ही गल्ली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वारल्यांच्या वस्तीतली, इथली माणसं आणि बिबटे पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाटा वापरत आलेले, हे कळतं तेव्हा बघणाऱ्याच्या मनात काही हलतं. पवईत, कांजूरच्या टेकडीकडच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला तर तो फोटो थेट लागू आहे. पवईच्या आयआयटीच्या आवारात बिबट्या शिरल्याची बातमी त्याने वाचलेली असते. नाव, गाव आणि वेळ कळली की माया येते. नुसत्या गोंडस चेहऱ्यावर येते ती आवड, आणि तिचं आयुष्य पॉवर बँकेइतकंच असतं.

ते आयुष्य किती, हेही पाहू. लिथियमचा सेल तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरला-उतरला की त्याची ताकद स्पष्टपणे कमी होते. रोज वापरणाऱ्याला दोन-तीन वर्षांत नवी पॉवर बँक लागते. फुकट वाटायच्या मालात सेल हलका असेल तर त्याही आधी. डब्यावर दहा हजार एमएएच असं ठळक लिहिलेलं असतं ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टच्या हिशेबाने. फोनला ५ व्होल्टने देताना त्यातलं साधारण सहा हजारच पदरात पडतं, आणि तो खरा आकडा बारीक अक्षरात मागे असतो. या वस्तूवर जे जे खरं आहे ते बारीक अक्षरात मागेच असतं, असं मला अनेकदा वाटलं आहे.

मागच्या बाजूला आणखी एक चित्र असायला हवं: फुली मारलेली, चाकांची कचरापेटी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनी ते बंधनकारक केलं आहे. अर्थ सरळ आहे. ही वस्तू घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. याच नियमांप्रमाणे बॅटरी परत गोळा करून तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि उत्पादक म्हणजे केवळ कारखानदार नव्हे. दुसऱ्याने बनवलेली बॅटरी स्वतःच्या ब्रँडखाली विकणारा किंवा आयात करणाराही त्यात येतो. माझ्या स्नेह्यांना मी विचारलं, तुम्ही दिलेल्यांपैकी किती परत घेतल्या? एकही नाही. मागणीच आली नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंच असणार, कारण परत द्यायची असते हे पॉवर बँक घेणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

परत न आलेली पॉवर बँक जाते कुठे? आधी कपाटात. फुगली की घाबरून कचऱ्याच्या डब्यात. तिथून ज्या गाडीत पडते ती कचरा दाबणारी असते. सेलमध्ये धन आणि ऋण पट्ट्यांच्या मधे मायक्रॉनांत मोजावा इतका पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. दाबाने तो फाटला की पट्ट्या एकमेकींना टेकतात, सेल तापतो, त्यातला द्रव पेट घेतो, आणि एकदा सुरू झालेली ही प्रक्रिया आतल्या आतच वाढत जाते. म्हणून ती विझवणं कठीण. आसपास कागद, प्लास्टिक, कापड असतंच. ही गाडी चालवणारा, ती रिकामी करणारा आणि तिच्यातलं विकण्याजोगं वेचणाऱ्या बाया, यांच्यापैकी कुणालाही त्या हत्तीच्या फोटोची भेट मिळालेली नसते.

आणि मुंबईतल्या बहुतेक गाड्यांचं शेवटचं ठिकाण कांजूरमार्ग. मुलुंडचं डंपिंग २०१८ मध्ये बंद झाल्यापासून शहराच्या कचऱ्याचा सर्वांत मोठा भार आमच्या पूर्वेकडच्या बाजूवर आहे. कन्नमवारनगर, भांडुप, कांजूर पूर्व इथल्या लोकांना कचऱ्याच्या वासाबद्दल वेगळं सांगायला नको. ही जागा खाडीच्या कडेची आहे. त्यातली ११९.९१ हेक्टर जमीन २००९ मध्ये संरक्षित वनातून वगळली होती. ‘वनशक्ती’ संस्थेच्या २०१३ च्या याचिकेवर २ मे २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते वगळणं रद्द करून तिला पुन्हा संरक्षित वनाचा दर्जा दिला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. ज्या जमिनीला जंगल म्हणायचं की कचराभूमी याचा निवाडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो, त्याच जमिनीवर आपण प्राण्यांचे फोटो छापलेला विषारी कचरा पाठवतो आहोत. इथल्या बायोरिॲक्टरमध्ये ओल्या कचऱ्यापासून तयार होणारा वायू मुख्यतः मिथेन असतो. तिथे पेटणारा सेल नको, हे समजायला तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

या कचराभूमीच्या कुंपणापलीकडे खरे प्राणी आहेत. ठाणे खाडी रोहित अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ ठरलं. हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी या चिखलावर उतरतात. भांडुप पंपिंग स्टेशनच्या वाटेवर पहाटे दुर्बिणी घेऊन उभे असलेले लोक तुम्हाला इथल्या पक्ष्यांची नावंही सांगतील. विक्रोळी, कांजूर, भांडुपच्या खारफुटीत कोल्हे राहतात. सोनेरी झाक असलेला, सडपातळ, खेकड्यांवर आणि मिळेल त्यावर जगणारा आपला कोल्हा. कन्नमवारनगरमधल्या माणसाला रात्री त्याची कुई ऐकू येते आणि पुष्कळदा ती कुत्र्याची समजून तो झोपी जातो. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या पंतनगर भागात विमानाला धडकून रोहितांचा थवा पडला. सुमारे चाळीस पक्षी इमारतींच्या मधे, रस्त्यावर मरून पडले होते. ते गोळा करताना वनखात्याच्या माणसांचे चेहरे ज्यांनी पाहिले, त्यांना दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधली क्वागा दाखवून माया शिकवण्याची गरज नाही. त्यांना कांजूरचा कोल्हा दाखवा. तो कुणी छापत नाही, कारण तो जुना नाही, दुर्मिळ दिसत नाही आणि त्याच्याबरोबर त्याच्या घराजवळच्या कचऱ्याचा प्रश्नही छापावा लागेल.

शेवटचा मुद्दा त्यांनी असा मांडला की, एका पॉवर बँकेने काय होतं? तुम्ही कारखान्यांशी भांडा. मी कारखान्यांशीही भांडेन. पण वस्तू निसर्गाच्या नावाने दिली गेली तेव्हाच तिच्याकडून वेगळी अपेक्षा धरण्याचा हक्क मला मिळाला. साध्या काळ्या पॉवर बँकेवर मी हा लेख लिहिला नसता. ती फोन भरते, एवढंच म्हणते, आणि तेवढंच करते. प्राण्याचा चेहरा लावून जी वस्तू प्राण्यांच्या घरी कचरा होऊन जाते, तिच्या बाबतीत गप्प राहणं म्हणजे त्या चेहऱ्याचा वापर मान्य करणं.

मग काय करावं, हे त्यांनी मला विचारलं, आणि तो त्यांचा मोठेपणा. फोटो छापायचाच असेल तर तो पूर्ण छापा. माणसं, बंदूक, दोर, पिंजरा, जे असेल ते. खाली प्राण्याचं नाव, जागा, साल, फोटो काढणारा आणि त्या प्राण्याचं पुढे काय झालं, हे मराठीत लिहा. छपाईच्या यंत्राला दोन ओळींचा खर्च फोटोइतका येत नाही. माहिती मिळत नसेल तर तो फोटो वापरू नका. डब्यात परत पाठवायच्या पत्त्याचं पाकीट घाला आणि पॉवर बँक परत येईल तेव्हा नव्या भेटीच्या किमतीतून काही सूट द्या. कंपन्यांकडून पुढच्या वर्षीची मागणी घेताना आधीच्या वर्षीच्या पॉवर बँका मोजून परत घ्या. त्या अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे गेल्याची पावती कंपनीच्या सूचनाफलकावर लावा, म्हणजे कर्मचाऱ्यांनाही कळेल. आणि ५ जूनला काही वाटायचंच असेल तर त्या पैशांत एक बस करून पन्नास माणसांना पहाटे भांडुपच्या खाडीकाठी घेऊन जा. कांजूरच्या कार्यालयापासून ते ठिकाण अर्ध्या तासाच्या आत आहे.

यातलं परत घेण्याचं पुढच्या दिवाळीपासून करून पाहतो, असं त्यांनी म्हटलं आहे. फोटोखालच्या ओळींबद्दल मात्र ते अजून तयार नाहीत. गिऱ्हाइकाला मेलेला प्राणी नको असतो, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना कोरियाच्या फोटोखालची ती संपादकीय टीप वाचायला दिली आहे, आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहतो आहे.